मंडळी आणि पंगत

‘श्रद्धेसाठी जोखीम’ हे शब्द कानी पडताच तुमच्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे रोम शहरातील ते विस्तीर्ण रंगण, त्यात सोडलेले सिंह आणि गुडघे टेकून बसलेले ख्रिस्ती लोक उभे राहतात. शब्बाथशाळेच्या भिंतीवरील चित्रांचा हा प्रताप होय. ती चित्रे खोटी नाहीत. परंतु त्यांच्यामुळे असा एक समज होऊन बसतो की, जोखीम ही दूरदेशी, फार पूर्वी आणि एखाद्या हिंस्र पशूच्या रूपानेच येत असते. आपल्या महाराष्ट्रात ती पितळेच्या तांब्यातून आली. कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणाच्या शेजारी पान मांडून बसावे, एवढ्या साध्या गोष्टीवर येथील कित्येक माणसांचे घरदार, शेतवाडी व नातीगोती पणाला लागली. तो प्रकार काय होता आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांशी त्याचा काय संबंध पोचतो, हे येथे सांगावयाचे योजिले आहे.

आरंभी एका शब्दाकडे लक्ष द्या. चर्चसाठी आपण मराठी ख्रिस्ती लोक ‘मंडळी’ हा शब्द वापरतो. पण हा शब्द काही मिशनऱ्यांनी कोठून नवा घडवून आणलेला नाही. ‘घरची मंडळी कशी आहेत?’ असे आपण सहज विचारतो. जुन्या वळणाचा गृहस्थ तर पत्नीचे नाव न घेता ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ असेच म्हणे. म्हणजे एकाच चुलीवर शिजलेले अन्न जी माणसे खातात ती मंडळी. ज्या कोणी पहिल्याने हा शब्द ख्रिस्ती उपासकांच्या समुदायास लावला, त्याने फार मोठे वचन देऊन टाकले, असे मला वाटते. कारण त्या काळी जो मनुष्य ख्रिस्ती होई, त्याची घरची मंडळी बहुधा त्याच दिवशी तुटे. आणि जिला आपण ख्रिस्ती मंडळी म्हणतो, तिने त्याला ती परत मिळवून द्यावी, अशी अपेक्षा त्या शब्दातच भरलेली होती. ती अपेक्षा कोठे पुरी झाली व कोठे झाली नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते, ही समाधानाचीच गोष्ट म्हटली पाहिजे. शासनाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आहे. पण एकोणिसाव्या शतकात ज्ञातीने बहिष्कार घातला म्हणजे न्हावी हजामतीस येत नसे, धोबी कपडे घेत नसे, पाणवठ्यावर घागर बुडविता येत नसे, मुलाबाळांची लग्ने अडत आणि घरात कोणी मेले तर खांदा द्यायला चार माणसे मिळत नसत. कैदेत टाकलेल्या माणसास निदान भाकरी तरी मिळते. शिवाय धर्म सोडला म्हणजे वडिलार्जित मिळकतीवरील हक्क जाई. हा हक्क जाऊ नये म्हणून सरकारने १८५० साली २१ क्रमांकाचा कायदा केला. धर्मांतरामुळे किंवा जातीबाहेर पडल्यामुळे कोणाचाही वारसा बुडणार नाही, असे त्याने ठरविले. त्यावर मोठी ओरड झाली. पुढे १८६६ साली दुसरा एक कायदा झाला. धर्मांतरामुळे पती किंवा पत्नी नांदावयास तयार नसेल, तर न्यायालयाने विचार करण्यास एक वर्षाची मुदत द्यावी आणि मग विवाहबंधन मोडावे, अशी त्याची रीत होती. कायद्याने शेत परत मिळविता येते, तुटलेले लग्न कागदावर निकालात काढता येते. परंतु आईच्या हातची भाकरी कोणत्याही कायद्याने मिळत नाही. त्यामुळे हे कायदे झाल्यावरही जोखीम होती तेथेच राहिली.

तुमच्याच वयाच्या एका मुलाची हकीकत सांगतो. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण मुंबईच्या स्कॉच मिशनच्या शाळेत शिकत होता. १८४३ च्या सप्टेंबरात त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा अवघा बारा वर्षांच्या आसपासचा. तोही भावाबरोबर मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता व तेथे जेवला होता. वडिलांनी वरिष्ठ न्यायालयात दाद मागितली. मुलगा अज्ञान आहे म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. येथे गोष्ट संपली असे वाटेल. पण खरी गोष्ट येथूनच सुरू झाली. मुलगा घरी आला खरा, परंतु परधर्मीयांच्या पंक्तीस जेवलेल्या मुलास आता जातीत घ्यावे कसे, हा प्रश्न उभा राहिला. ‘दर्पण’ पत्राचे पूर्वीचे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावे असा पक्ष उचलला, आणि त्यापायी त्यांनाही सनातनी मंडळींचा रोष सोसावा लागला. सारी मुंबई या वादाने ढवळून निघाली. विचार करा, त्या पोराचा बाप्तिस्मा झालाच नव्हता! ज्यावरून एवढे काहूर माजले ते त्याचे मत नव्हते, त्याचे जेवण होते. त्या वादात दोन्ही बाजूंचे मोठे लोक एवढे बोलले की, बारा वर्षांच्या मुलाच्या मनात त्या दिवसांत काय चालले असेल याकडे कोणाचे फारसे ध्यान गेले असेल असे दिसत नाही.

जेवणाचे हे महत्त्व ओळखणारे लोक ख्रिस्ती मंडळीबाहेरही होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांचे व्याकरण आपल्या आजोबा-पणजोबांनी अभ्यासिले, त्यांनी मित्रांच्या साह्याने १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा काढली. जातिभेद मोडावा हा तिचा उद्देश. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने इतरांच्या हातचा पाव सर्वांसमक्ष खावा, ही तिची कसोटी होती. ‘सर्वांसमक्ष’ म्हणजे अर्थात सभासदांसमक्ष. कारण सभा गुप्त होती. दारे लावून पाव खावयाचा आणि बाहेर पडून नित्याप्रमाणे घरच्या पंक्तीस बसावयाचे. १८६० च्या सुमारास सभेचे कागदपत्र चोरीस गेले, नावे फुटण्याची वेळ आली आणि सभा विस्कटली. तिच्यातूनच पुढे १८६७ साली प्रार्थना समाज निघाला. या गृहस्थांना भित्रे म्हणून हसणे सोपे आहे. मला तसे हसवत नाही. ज्यांच्या घरी वृद्ध आईबाप आहेत, लग्नाच्या बहिणी आहेत, त्यांनी दार लावले यात नवल काय? पण त्या बंद दाराआड बसणाऱ्यांपैकीच एक तरुण होता बाबा पदमनजी. बेळगावचा, कासार जातीचा, १८३१ साली जन्मलेला. त्याला हे दोन ठिकाणी दोन प्रकारे राहणे सोसेना. ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावी त्याने उघडपणे बाप्तिस्मा घेतला. तीनच वर्षांनी, १८५७ साली, त्याने ‘यमुनापर्यटन’ लिहिले, जी मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते आणि जी हिंदु विधवांच्या दुःखावर आहे. आपल्या धर्मांतराचा वृत्तांत त्याने ‘अरुणोदय’ या ग्रंथात सांगितला आहे. आपल्या ग्रंथालयात तो असल्यास मोठ्या मुलांनी अवश्य वाचावा. त्या काळच्या घरांची, शाळांची व मित्रमंडळाची इतकी बारीक माहिती अन्यत्र सहसा मिळत नाही.

पुण्याची एक गोष्ट या ओघात सांगितल्यावाचून राहवत नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित पुणेकरांस आमंत्रण होते. चहा आला. कोणी घेतला, कोणी नुसता पेला हातात धरला, कोणी तसाच ठेवला. त्या सर्वांची नावे गोपाळराव जोशी यांनी वर्तमानपत्रात छापवून आणली, आणि मग जे ग्रामण्य उद्भवले ते पार शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या यादीत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. पुढे रानड्यांनी आपल्या स्नेह्यांची अडचण ध्यानी घेऊन प्रायश्चित्त घेतले, आणि त्यावरून त्यांचे अनुयायीच त्यांच्यावर रुसले. ज्यांच्या विद्वत्तेपुढे सरकार दबून असे, त्यांची ही गत एका पेल्यापायी झाली. मग खेड्यातील एखाद्या अनाथ विधवेची किंवा शाळामास्तराची काय झाली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता ज्या घराण्याचे नाव मराठी ख्रिस्ती माणसाच्या जिभेवर सदैव असते त्याकडे वळू. आपल्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकातील कितीतरी पदे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत, हे तुम्हांस ठाऊक आहे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धैर्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला येथे त्यांच्या पत्नीविषयी, लक्ष्मीबाईंविषयी बोलावयाचे आहे, कारण जोखीम कोण पत्करतो आणि तिची किंमत कोण भरतो ही दोन माणसे नेहमी एकच नसतात, ही गोष्ट त्यांच्या चरित्रावाचून समजावयाची नाही.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे जन्मल्या. वडिलांचे सोवळे एवढे कडक की, बाजारातून आलेले मीठदेखील धुतल्यावाचून घरात वापरावयाचे नाही. मीठ धुतल्यावर किती उरते, हे विज्ञानाच्या वर्गातील मुलांनी सांगावे! अशा घरातून त्या अकराव्या वर्षी टिळकांच्या घरी आल्या. टिळक विद्वान, कवी, उदार आणि एका ठिकाणी कधी न टिकणारे. ते ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंचे वय सव्वीस होते आणि पदरी लहानगा दत्तू होता. निर्णय पतीने घेतला. कुंकू असून नवरा नाही, अशी विचित्र अवस्था पत्नीच्या वाट्याला आली. पुढली काही वर्षे त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काढली. या काळातील त्यांचा शोक, त्यांचा राग आणि त्यांची कविता ही सारी त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात आहेत. हा ग्रंथ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाला. त्याचे मोठेपण हे की, त्यात कोणावरही सूड उगविलेला नाही, पतीवर नाही आणि सासरमाहेरच्या सोवळ्यावरही नाही. उलट अत्यंत दुःखाच्या प्रसंगीही बाई हसतात व आपणांस हसवितात.

शेवटी त्या नगरास टिळकांजवळ राहावयास आल्या, पण आपले सोवळे घेऊन आल्या. पती ख्रिस्ती, पत्नी ब्राह्मण. दोघांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी येथे जे केले ते त्यांच्या बाप्तिस्म्यापेक्षाही मला थोर वाटते: त्यांनी बळजबरी केली नाही, वाट पाहिली. पुढे एकदा लक्ष्मीबाईंच्याच मनाने घेतले की, हा भेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे. त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. क्रम लक्षात ठेवा. पंगत आधी बदलली आणि बाप्तिस्म्याचे पाणी मागाहून आले. पुढे प्लेगच्या दिवसांत याच बाईंनी, ज्यांच्या माहेरी मीठ धुतले जाई, रोग्यांची शुश्रूषा केली, पोरक्या मुलांना घरात घेतले, आणि टिळकांच्या पश्चात त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले.

हे झाले येणाऱ्यांचे. ज्यांच्याकडे ते आले त्या मंडळीने काय केले? येथे आपल्याला खरे बोलणे भाग आहे. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते आणि थोडे ब्राह्मणादी उच्च मानलेल्या जातींतून. त्या काळच्या रीतीप्रमाणे प्रभुभोजनाच्या वेळी एकच प्याला सर्वांच्या ओठांना लागे. जन्मभर ज्याची सावली टाळली त्याच्या मागून त्याच प्याल्याला ओठ लावणे ही उच्च जातीतून आलेल्या माणसाची परीक्षा होती. पण परीक्षा एकट्याचीच नव्हती. महारांतून आलेल्यांनी मांगांतून आलेल्यांना आपल्या पंक्तीस घ्यावे की नाही, असे प्रश्नही ठिकठिकाणी उठत. लग्नसंबंधांत तर जुनी जात नवे ख्रिस्ती नाव धारण करून पुष्कळ काळ टिकून राहिली, आणि ती आज समूळ गेली आहे असे छातीठोकपणे सांगणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. हा दोष आपल्याच देशाचा नव्हे. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडा. अंत्युखियात पेत्र विदेशी बंधूंच्या पंक्तीस जेवत होता. परंतु यरुशलेमेकडची माणसे आलेली पाहताच तो उठून वेगळा झाला, आणि पौलाने सर्वांदेखत त्याला बोल लावला. ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या मोठ्या भांडणांपैकी हे एक, आणि ते पंगतीवरूनच झाले. पेत्राने याआधी जी जोखीम पत्करली होती ती लहान नव्हती. तरी ओळखीची चार माणसे बघताहेत एवढ्यानेच त्याचा धीर सुटला.

तथापि चांगलेही घडले. ज्या नारायण शेषाद्रींचा उल्लेख वर आला, ते पुढे पाळक झाले आणि जालन्यास जाऊन राहिले. तेथे ख्रिस्ती झालेले लोक मुख्यतः मांग समाजातले. गावात त्यांना विहीर नाही, काम मिळण्याची खात्री नाही. तेव्हा निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर शेषाद्रींनी बेथेल नावाचे नवे गाव वसविले. ज्या ब्राह्मण मुलाच्या घरावर एका जेवणापायी वादळ आले, त्यानेच मांगांच्या शेजारी घर बांधावे, यात ‘मंडळी’ या शब्दाचा पुरा अर्थ आला.

पंडिता रमाबाईंची रीत थोडी निराळी आणि विचार करण्याजोगी आहे. त्या १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. त्या स्वतः ख्रिस्ती. परंतु सदनात ब्राह्मण मुलींच्या स्वयंपाकाची व सोवळ्याची सोय त्यांनी वेगळी राखली. आपण पत्करलेली जोखीम दुसऱ्याच्या पानात वाढावयाची नाही, हा त्यांचा बाणा होता. तरीही काही मुली बाईंच्या प्रार्थनेस आपणहून बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली मोठा गहजब झाला, सल्लागार मंडळातील थोर पुरुष बाजूला झाले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. बाईंनी सदन चालूच ठेवले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या. त्यांना केडगावच्या माळावर नेऊन तेथे मुक्तिसदन उभे केले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तेथे मात्र एकच स्वयंपाकघर. भुकेने अस्थिपंजर झालेल्या मुलीला तू कोणाची असे विचारीत बसण्यास वेळच नव्हता. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर केडगाव स्थानक लागते; शाळेची सहल तिकडे नेता येण्याजोगी आहे.

पाण्याची जोखीम ख्रिस्ती लोकांनीच पत्करली असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकरांनी महाडास चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आणि ज्या भूमीवर आपण राहतो तेथे तर ही गोष्ट फार जुनी आहे. आपल्या कारखान्यांच्या पत्र्यांपलीकडे इंद्रायणी वाहते. तिच्या काठी देहू आणि आळंदी. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. वारकऱ्यांच्या कीर्तनानंतर काला होतो. दही-लाह्यांचा तो घास एकमेकांच्या मुखी घालावयाचा असतो. तुकोबांची पालखी निघाली म्हणजे आकुर्डीस मुक्काम करते. त्या दिवशी रस्त्याच्या दोहो बाजूंस पाणी घेऊन उभे राहणाऱ्यांचा धर्म कोणी विचारीत नाही, आणि पिणाऱ्याची जातही कोणी विचारीत नाही. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरविला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र असावेत अशी त्यांची कल्पना होती. ती अशा काल्याच्या परंपरेतून आली असावी असे माझे मत आहे. १९१९ साली ते निवर्तले आणि दरबार रोडावला.

आता आपल्याकडे येऊ. पिंपरीस सरकारी पेनिसिलिनचा कारखाना १९५४ साली निघाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि मग एकामागून एक मोठे कारखाने येत गेले. अलीकडे ही रांग चाकणपर्यंत पोचली आहे. त्या कारखान्यांच्या भोंग्यामागे नगर (आता अहिल्यानगर), जालना, सोलापूर, बीड येथून जी हजारो माणसे आली, त्यांत मराठी ख्रिस्ती कुटुंबेही आली. केरळ, तमिळनाडू, गोवा येथूनही आली. एका खोलीत चार पोरे, पाळीपाळीने झोपणारी. गावची मंडळी दोनशे मैलांवर. अशा माणसाला मंडळी म्हणजे काय ते चटकन कळते. नव्या मुलाला खोली पाहून देणे, रात्रपाळी करणाऱ्याच्या आजारी मुलाजवळ शेजारच्या बहिणीने बसणे, कोणाचा हात यंत्रात सापडला तर रक्त देण्यास धावणे, गावी प्रेत न्यावयाचे तर वर्गणी काढणे, ही कामे पाळकांच्या अहवालात क्वचितच येतात. परंतु मंडळी उभी आहे ती त्यांवरच. तरी या पट्ट्यातील आपली नवी भिंत भाषेची आहे, हेही नमूद करतो. मराठी उपासना सकाळी, मल्याळी त्यानंतर, इंग्रजी संध्याकाळी. एकाच इमारतीत राहून वर्षानुवर्षे एकमेकांची नावेही ठाऊक नाहीत, असे होते. नाताळच्या जेवणाला तरी पाने एकत्र मांडावीत.

येथील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. बाहेरगावच्या पाहुण्यास ही गोष्ट ऐकून नवल वाटते. आपल्या मुलांना मात्र ठाऊक आहे की, रविवारी बाबा कामावर असतात आणि चर्चला आईबरोबर जावयाचे असते. कायम नोकरी असलेला मनुष्य एखादे वेळी पाळी बदलून घेतो. कंत्राटी कामगाराने वारंवार रविवार मागितला तर पुढच्या महिन्यात त्याला बोलावणे येईलच असे नाही. म्हणून गुरुवारी संध्याकाळी घरोघर प्रार्थना भरतात. प्रार्थनेनंतर पोहे आणि चहा असतो. त्या चहाने आता कोणाचे ग्रामण्य होत नाही.

पण एक जोखीम उरली आहे, आणि ती पालकांना ठाऊक आहे. तिचे ठिकाण म्हणजे शाळेच्या प्रवेशपत्रावरील धर्म व जात यांचा रकाना. राष्ट्रपतींच्या १९५० सालच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध यांचा समावेश झाला, ख्रिस्ती लोकांचा अद्याप झालेला नाही. तेव्हा ज्याचे पणजोबा मांग किंवा महार म्हणून गावाबाहेर राहिले, त्याने रकान्यात ‘ख्रिस्ती’ असे लिहिले की अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, राखीव जागा आणि पुढील नोकरीचा आधार या गोष्टी गेल्या. न लिहावे, तर रविवारी एक नाव आणि सोमवारी दुसरे. पालक प्रवेशपत्र हातात घेऊन त्या रकान्यापाशी थांबतात हे शिक्षकांनी पुष्कळदा पाहिलेले असते. अशा पालकास उपदेश करण्यास जीभ रेटत नाही. परमहंस सभेच्या दाराला कडी घालणारे लोक ज्या विवंचनेत होते, त्याच विवंचनेत हा गृहस्थ असतो. फरक एवढाच की त्यांना मान गमवावा लागणार होता, याला मुलीचे शिक्षण गमवावे लागेल. त्याने काय लिहावे, याचा निर्णय त्याने आपल्या विवेकाने करावा. मंडळीने मात्र एवढे समजून घेतले पाहिजे की, ‘खरे ते लिहा’ असे व्यासपीठावरून सांगणे फुकट असते आणि लिहिणाऱ्याला मोल पडते. जी मंडळी ते मोल वाटून घेण्यास तयार नसेल, तिने कोणास तसे सांगू नये.

असे वाटून घेतल्याचे एक उदाहरण माझ्या पाहण्यात आहे. जालन्याकडील एका कामगाराने मुलाच्या प्रवेशपत्रावर ‘ख्रिस्ती’ असे लिहिले आणि शिष्यवृत्ती सोडली. गुरुवारच्या प्रार्थनेस येणाऱ्या पाच कुटुंबांनी त्याच्या तंत्रशिक्षणाच्या फीची आपसांत वाटणी करून घेतली. त्यांपैकी दोन कुटुंबे मल्याळी आहेत, एक तमिळ, आणि त्यांना मराठी प्रार्थना अजून अर्धीच समजते. मुलगा आता दुसऱ्या वर्षास आहे, आणि तिसऱ्या वर्षाचे पैसे त्यांनी आताच वेगळे काढून ठेवण्यास आरंभ केला आहे.